बोटवाल्यांचं पातेलं

बोटवाले कुठल्याही गावाच्या मध्यभागी आपणहून कधी गेले नाहीत. नव्या गावात पाय ठेवला की दिसेल ती पहिली बस पकडायची, शेवटच्या स्टॉपला उतरायचं आणि तिथून चालत सुटायचं, ही त्यांची रीत. सगळी उमर बोटीवर काढली, देशोदेशीची बंदरं पाहिली. पण त्यातला एक पुतळा की एक राजवाडा त्यांना सांगता यायचा नाही. विचारलं तर म्हणायचे, "मध्ये काय बघायचं? मध्ये आपल्यासारखे बघायला आलेलेच असतात. शेवटच्या स्टॉपवर उतरतो तो माणूस घरी चाललेला असतो. त्याच्या मागनं जायचं."

आमची ओळख न्यू जर्सीत झाली, ऐंशीच्या दशकात. मी धंद्याने गवंडी. शिक्षण तिसरी पास. चौथीत मास्तरांनी विनाकारण मारलं म्हणून उठून आलो तो पुन्हा गेलो नाही. मुलगा मात्र इंजिनिअर झाला, अमेरिकेत गेला, वेस्ट विंडसरला घर घेतलं, आणि त्याची आई गेल्यावर मला घेऊन आला. घर पाहिलं. आतून सगळं लाकूड आणि पुठ्ठा, बाहेरून विटेचा नुसता मुखवटा. मी बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणालो, "ही वीट खोटी आहे." मुलाला राग आला. त्याचं बरोबर होतं, पण वीटही खोटीच होती.

पहिल्याच वर्षी गणपतीत एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचं जेवण होतं. सगळे डॉक्टर, नाहीतर इंजिनिअर. जो तो प्रेमाने विचारी, "काका, तुम्ही इंडियात काय करत होता?" मी सांगे, "भिंती बांधत होतो." मग तो माणूस प्लेटकडे बघायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर मी उठून मागे गेलो. तिथे बनियनवर एक सडसडीत म्हातारा भाताचं पातेलं उपसत होता.

"काय हो, वाट चुकलात? पान बाहेर मांडलंय."

"बाहेर सगळे विचारतात, काय करत होता."

"मग?"

"सांगितलं की गप्प बसतात."

"काय करत होता?"

"गवंडी होतो."

"मग हात रिकामे ठेवू नका मिस्त्री. तो कांदा चिरा."

तेव्हापासून मी त्यांचा मिस्त्री. ते दाभोळकडचे, बोटीवर भटारखान्यात होते, म्हणून सगळे त्यांना बोटवाले म्हणत. मंडळाच्या यादीतही 'बोटवाले, स्वयंपाक' एवढंच लिहिलेलं. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं." त्यापुढे नाही.

ते न्यू ब्रन्सविकला एका हॉटेलात स्वयंपाक करत. हॉटेल सोमवारी बंद. म्हणून आमचं फिरणं सोमवारी. मुलगा मला न्यूयॉर्कचा पुतळा दाखवायला निघाला होता, मी गेलो नाही. मी सोमवारी तासभर चालत स्टेशनवर जायचो आणि बोटवाल्यांबरोबर ट्रेंटनच्या नाहीतर नेवार्कच्या कुठल्याशा बसच्या शेवटच्या स्टॉपला उतरायचो. सूनबाई म्हणायची, "बाबा, इथे कुणी असं चालत नाही. रस्त्याला फूटपाथसुद्धा नाहीये. लोक पोलिसांना फोन करतात." मी म्हणायचो, "करू देत."

लोकांनी केला. ट्रेंटनच्या कडेला एका गल्लीत मला जुनी, खरी, भाजक्या विटेची भिंत दिसली. मी बोटाने ठोकून बघत होतो, विटांमधले सांधे बघत होतो, एवढ्यात पोलिसाची गाडी येऊन उभी राहिली. माझं इंग्रजी तेव्हा यस आणि नो. बोटवाले पुढे झाले. "साहेब, हा माणूस गवंडी आहे. भिंत दिसली की त्याला राहवत नाही." पोलीस हसला आणि गेला. बोटवाले मात्र बसमध्ये बसल्यावर मला म्हणाले, "मिस्त्री, बोटीवरचा एक नियम सांगतो. परक्या गावात दुसऱ्याच्या बायकोला आणि दुसऱ्याच्या भिंतीला हात लावायचा नाही."

चालताना त्यांचं लक्ष माणसांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर असे. अमेरिकेत दोऱ्या फार दिसत नाहीत, पण शेवटच्या स्टॉपला दिसतात. एखादी दोरी पाहून ते थांबायचे. "बघा, दोन पोरं, एक म्हातारा. बाई नाहीये घरात. चिमटे कसेही लावलेत." ते खरं की खोटं कोण बघणार? पण त्यांनी तसं सांगितलं की मला त्या बंद दारामागे माणसं दिसायला लागायची. त्या देशात मला माणसं दिसायला लागली ती त्यांच्यामुळे. नाहीतर मला सगळी दारंच दिसत होती.

त्यांची खोली एका लाँड्रीच्या वर होती. खाली मशिनं घुमली की वर जमीन थरथरायची. "बोटीवर झोपल्यासारखं वाटतं," म्हणायचे. खोली लहान, पण भांडी घासून रांगेत लावलेली. एकच पातेलं वरच्या फळीवर, टॉवेलात गुंडाळलेलं. एकदा चहाला भांडं हवं म्हणून मी ते काढलं. पांढरं इनॅमलचं, निळ्या काठाचं, झाकण असलेलं. एका कानाजवळ टवका उडालेला.

"ठेवा ते," बोटवाले म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "ते परत द्यायचंय."

"कुणाचं आहे?"

"एन्कार्नाबाईचं."

"कुठे राहते?"

"बार्सिलोनाला."

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. तिशीत असताना त्यांना बोटीवर टायफॉइड झाला. बोटीने त्यांना बार्सिलोनाच्या दवाखान्यात उतरवलं आणि बोट निघून गेली. महिन्याने दवाखान्यातून सोडलं तेव्हा उभं राहायची ताकद नाही, भाषा येत नाही, जायला जागा नाही. दवाखान्याच्या चादरी धुणारी एक विधवा बाई होती. तिचा नवरा गोदीत माल उतरवताना मेलेला. ती यांना हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली. घर म्हणजे बंदरामागच्या डोंगरावरची झोपडी. गोळा केलेल्या विटा, वर पत्रा, सगळ्या उताराला मिळून एक नळ. त्या खोपटात ती, तिची आठ वर्षांची रोसा आणि हा कोकणातला काळा माणूस. आठ महिने. रोसाने यांना स्पॅनिश शिकवलं. चुकलं की ती हातावर चमचा मारायची.

मग दुसऱ्या एका बोटीवर जागा मिळाली. निघायच्या दिवशी एन्कार्नाबाईने पातेलंभर हरभऱ्याची उसळ रांधली आणि पातेल्यासकट हातात दिली. म्हणाली, "परत आण." हे म्हणाले, "पुढच्या फेरीला."

"मग नेलं नाही?"

"पुढच्या फेरीला बोट तीन दिवस उभी होती तिथे. पण माझा खिसा मोकळा. पातेलं रिकामं. रिकामं कसं नेऊ?"

हे ज्याला समजणार नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडे शेजारणीची वाटी कधी रिकामी परत जात नाही. माझ्या आईने आयुष्यात कधी पाठवली नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, साखर नसली तर तुळशीचं पान. पण काहीतरी ठेवायचं आणि मगच वाटी द्यायची. तेव्हा बोटवाल्यांना मी पुढे काही विचारलं नाही. मला पटलं.

"त्याच्या पुढच्या फेरीला कॉफी आणि साखर घेतली," ते म्हणाले. "भरलं पातेलं. मग डेकवर उभा राहिलो आणि वाटलं, आठ महिने जिनं जगवलं तिला मूठभर कॉफी? तिसऱ्या खेपेला डेकवरनं नुसता डोंगर बघितला. पुढे बोट त्या बाजूला गेलीच नाही. पण मिस्त्री, एक सवय लागली. कुठलंही बंदर आलं की बस धरायची आणि शेवटच्या स्टॉपला जायचं. तिथे अशीच वस्ती असते."

ओळख झाल्यावर दोन वर्षांनी दिवाळीत सूनबाईने बेसनाचे लाडू केले. बोटवाले आमच्याकडे आले होते. पहिला लाडू फोडला, अर्धा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "मिस्त्री, हे एन्कार्नाबाईला आवडतील. ती हरभरा खाणारी माणसं. ठरलं आता. हे लाडू पातेल्यात भरतो आणि नाताळात जाऊन येतो. वय झालं तिचंही."

आणि मी बोललो. माझ्या तोंडाला कधी गिलावा नव्हता. मी म्हणालो, "इतक्या वर्षांनी जाताय आणि लाडू नेताय? लाज वाटत नाही? त्या बाईने फाटक्या पदरानिशी तुमचा जीव वाचवला. तिचं पातेलं सोन्याने भरून न्यायला पाहिजे. मी तुमच्या जागी असतो तर लाडू घेऊन तिला तोंड दाखवलं नसतं."

सूनबाई म्हणाली, "बाबा, असं काय बोलता?" बोटवाल्यांनी उरलेला अर्धा लाडू ताटलीत परत ठेवला. "मिस्त्री बरोबर बोलतात," एवढंच म्हणाले. नाताळात गेले नाहीत. जानेवारीपासून त्यांनी सोमवारीही दुसऱ्या एका हॉटेलात काम धरलं. आमचं फिरणं बंद झालं. दोन वर्षं सोमवारी मी खिडकीत बसून समोरच्या खोट्या विटा बघत राहिलो, आणि मनात म्हणत राहिलो, माणसाने असं ताठ असावं.

दोन वर्षांनी त्यांनी दोन सोन्याच्या बांगड्या केल्या. मी पुतण्याच्या लग्नाला गावी चाललो होतो. वाटेत चार दिवस बार्सिलोनाला उतरता येईल असं तिकीट मुलाने काढून दिलं. बोटवाले तिथून परत येणार, मी पुढे जाणार. विमानात त्यांनी पातेलं मांडीवर घेतलं ते उतरेपर्यंत सोडलं नाही.

आधी त्या डोंगरावर गेलो. झोपडी एक नाही. गवत, फुलांचे ताटवे, बाकं, आणि लोक खालच्या बंदराचे फोटो काढत होते. बोटवाले इकडून तिकडे चालले, मग एका बाकापाशी थांबले. "नळ इथे होता." एक माळी पाणी घालत होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, वस्ती उठवून बरीच वर्षं झाली. माणसं शहराच्या कडेला नव्या इमारतींत नेऊन टाकली, काही इकडे, काही तिकडे.

"म्हणजे शेवटचा स्टॉप," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

पुढचे तीन दिवस आम्ही त्या शहराच्या कडा पालथ्या घातल्या. नावं मला लिहिता यायची नाहीत. पहिल्या दिवशी नदीपलीकडे गेलो. नदी म्हणायची एवढंच, पाणी काळं. काठाला बोरूच्या काड्यांचं कुंपण घालून म्हाताऱ्यांनी टोमॅटो-कांदे लावलेले, डोक्यावर विजेच्या मोठ्या तारांचे मनोरे, मागे कारखान्याची धुराडी. आणि मग इमारती, काड्यापेट्या उभ्या केल्यासारख्या. खिडकी-खिडकीतून कपडे. बोटवाले वर बघून मोठ्याने वाचत सुटले, "हे म्हातारीचं घर. ही गोदीतली पँट. इथे बाळ झालंय."

खाली बायका घरातल्या खुर्च्या आणून रस्त्यावर बसल्या होत्या. बोटवाले टोपी काढून विचारायचे: एन्कार्ना, डोंगरावरची, दवाखान्याच्या चादरी धुणारी. एन्कार्ना पुष्कळ निघाल्या. एक नव्वदीची म्हातारी म्हणाली, "मीच ती." आम्हाला आत नेलं, कॉफी दिली, पातेलं मांडीवर घेऊन बसली आणि सोडेचना. बोटवाले म्हणाले, "मिस्त्री, ही ती नव्हे. पण पातेलं हिला पसंत आहे." शेवटी तिच्या नातीने तिच्या हातातून काढून दिलं. त्या चार दिवसांत आम्ही हसलो ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला, विमानतळाकडच्या शेतांच्या कडेला गेलो. इमारती फार जुन्या नव्हत्या, पण भिंतींना तडे गेलेले. मी नियम मोडला. हात लावला. गिलावा हातात आला, नुसती वाळू. गरिबासाठी बांधलेली भिंत मला कुठल्याही देशात हाताने ओळखता येते. बोटवाल्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "हिच्यापेक्षा ती झोपडी बरी होती. ती तिने स्वतः बांधली होती." संध्याकाळपर्यंत दारोदार फिरलो. इथली एन्कार्ना एक निघाली, ती माझ्याहून लहान होती.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला, डोंगर चढत जाणाऱ्या एका वस्तीत बस आम्हाला सोडून वळली. त्याच्या पुढे रस्ता नव्हता, पायऱ्या होत्या. गॅसवाला खांद्यावर नारिंगी सिलेंडर घेऊन वर चढत होता, आणि आमच्या गावच्या गॅसवाल्यासारखाच सिलेंडरवर किल्ली वाजवत होता. एका सपाट जागेवर म्हातारे वाळूत लोखंडी गोळे टाकून खेळत होते. बोटवाल्यांनी विचारलं. एकाने हातातला गोळा खाली ठेवला.

"एन्कार्ना? रोसाची आई?"

"हो, रोसाची आई."

त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली.

मला भाषेतलं काही कळत नव्हतं. टोपी काढलेली कळली. बोटवाले पातेलं दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि वाळूकडे बघत होते.

चौथा मजला, लिफ्ट नाही. ते प्रत्येक मजल्यावर थांबले. दार एका पस्तिशी ओलांडलेल्या बाईने उघडलं, कमरेला ॲप्रन, हात ओले. तिने आमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पातेल्याकडे पाहिलं. मग ओला अंगठा त्या टवक्यावर ठेवला आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"हा टवका मी पाडला होता, म्हणते."

मग तिने झाकण काढलं आणि त्या झाकणाने बोटवाल्यांच्या छातीवर मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. ते हलले नाहीत. मग तिने त्यांना मिठी मारली आणि दोघं दारातच उभी राहिली. मी जिन्याच्या कठड्याशी जाऊन भिंत बघत बसलो.

आत तिने आम्हाला बसवलं. बांगड्या पातेल्यात होत्या, त्या तिने काढल्या आणि टीव्हीवर ठेवल्या, किल्ल्या ठेवाव्यात तशा. पातेलं मात्र हातातून खाली ठेवलं नाही. ती विचारत होती, हे उत्तर देत होते, आणि माझ्यासाठी दोन्ही मराठीत सांगत होते, एकाच आवाजात.

"विचारते, इतकी वर्षं कुठे होता? सांगितलं, बोटीवर. विचारते, बोटी इथे लागत नव्हत्या?"





मग त्यांनी विचारलं, आई कधी गेली. रोसाने सांगितलं. त्यांनी मला सांगितलं, "गेल्या वर्षी फेब्रुवारीत."

मी तिसरी पास आहे, पण एवढा हिशेब मला येतो. लाडू झाले त्या दिवाळीत ती जिवंत होती. त्या नाताळातही जिवंत होती. लाडू पोचले असते. ती खुर्ची, जिच्यावर मी बसलो होतो, तिच्यावर बसून तिने खाल्ले असते. बोटवाल्यांनाही हिशेब येत होता. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, एकदा पाहायला पाहिजे होतं. निदान एक शिवी द्यायला पाहिजे होती.

रोसाने जेवायला घातलं. हरभरे आणि पालक, सोबत पाव. निघताना तिने पातेलं घासलं, पुसलं, उरलेली उसळ त्यात भरली, वर झाकण ठेवलं आणि त्यांच्या हातात दिलं. तिने काय म्हटलं ते मला त्यांनी सांगायची गरज पडली नाही. तरी पायऱ्या उतरताना सांगितलं. "परत आण, म्हणते. मिस्त्री, झालं की नाही! पुन्हा भरलेलं."

विमानात उसळ कशी नेणार? बस जिथे वळते तिथे एक बाक होतं, त्यावर बसून आम्ही दोघांनी ती पावाबरोबर खाल्ली. खाली सगळं शहर दिसत होतं, त्याच्या पलीकडे समुद्र, आणि तो बंदरामागचा डोंगर एवढासा. एक बस आली, गेली. दुसरी आली, तीही जाऊ दिली.

मी माफी मागितली नाही. मला ती कधी मागता आली नाही. गवंड्याची भिंत ओळंब्यात नसली तर ती पाडतात. बोललेलं पाडता येत नाही. मी नुसता पाव मोडत बसलो. तेच म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही बोललात म्हणून मी थांबलो असं धरू नका. मी आधीपासनंच थांबलो होतो. तुम्ही फक्त बसायला खुर्ची दिलीत."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. ते पातेलं काखेत मारून गेले. थोडं पुढे जाऊन वळले आणि एवढ्या माणसांत मोठ्याने मराठीत ओरडले, "पुढच्या खेपेला लाडूच नेऊ!" मी हात वर केला. शेवटचं बोलणं तेवढं.

मी गावाहून मार्चमध्ये परतलो. मुलाने गाडीत सांगितलं. बोटवाले फेब्रुवारीत गेले. रात्रपाळी करून खोलीवर आले, झोपले, उठले नाहीत. मंडळाच्या लोकांनी सगळं नीट केलं. आडनाव लिहायची वेळ आली तेव्हा कुणालाच ते माहीत नव्हतं. पासपोर्ट शोधावा लागला. भांडीकुंडी वाटून टाकली होती. पातेलं तेवढं लाँड्रीवाल्याने ठेवून घेतलं होतं, कारण त्यात एक कागद होता. कागदावर वर माझं नाव, म्हणजे 'मिस्त्री', खाली रोसाचा पत्ता, आणि मध्ये एकच शब्द: 'परत'.

माझी नात तेव्हा शाळेत स्पॅनिश शिकत होती. मी सांगितलं तसं तिने रोसाला पत्र लिहिलं, की ते गेले. महिन्याभराने उत्तर आलं. नात टेबलाशी बसून अडखळत वाचत होती, "वेट आजोबा, धिस वर्ड इज हार्ड," आणि इंग्रजीत सांगत होती. सूनबाई ते मराठीत सांगत होती. ओटा पुसत, पाठमोरी. अर्ध्यात तिचा हात थांबला.

रोसाने लिहिलं होतं: "आमच्या घरी तेव्हा धड झाकणाचं तेवढं एकच पातेलं होतं. तो गेल्यावर आम्ही वर्षभर पत्र्याच्या डब्यात शिजवलं. मी आईला विचारायची, तेच का दिलंस? फुटकं का नाही दिलंस? ती म्हणायची, फुटकं दिलं असतं तर तो आला नसता. चांगलं भांडं परत करायला माणूस येतोच. ती शेवटपर्यंत तेच म्हणत होती. पातेल्यातून काय आणतो याचं आम्हाला काय करायचं होतं?"

सूनबाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, मी लाडू करते. पाठवू या." मंडळात कळलं तेव्हा कुणी म्हणालं चांदीचं काहीतरी घालू, कुणी म्हणालं सगळे मिळून भेट देऊ. चांगल्या मनाची माणसं. मी सगळ्यांना नाही म्हटलं. मला हट्टी म्हणाले. पातेलं मी स्वतः घासलं, उन्हात वाळवलं, त्याच टॉवेलात गुंडाळलं, आणि नातीला घेऊन पोस्टात गेलो.

खिडकीतल्या माणसाने परदेशी पार्सलचा कागद दिला. नातीने पत्ता भरला. तो म्हणाला, आत काय आहे ते लिहा. तिने लिहिलं, पातेलं. त्याने विचारलं, आणि पातेल्यात काय आहे? नातीने माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, व्हॉट डू आय से?"

"काही नाही म्हणून सांग," मी म्हणालो. "रिकामं आहे."

त्याने शिक्का मारला आणि पातेलं मागच्या गाड्यावर ठेवलं.